पिल्लाचा चेहरा

"पातं बदलून घेतो," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी करवत खाली ठेवली.

पातं सकाळीच बदललेलं होतं. टेबलापलीकडे उभ्या असलेल्या मॅडमना ते ठाऊक होतं, कारण जुनं पातं त्यांच्या देखतच कचऱ्यात गेलं होतं. तरी त्या चहाचा कप दोन्ही हातांत धरून खिडकीबाहेर बघत राहिल्या. हाडं कोट्यवधी वर्षं थांबली आहेत, ती आणखी पाच मिनिटं थांबतील, असं त्या नेहमी म्हणत. आज बहुधा मनातल्या मनात म्हणत असाव्यात.

टेबलावर वाळूच्या पिशव्यांच्या आधाराने मांडीचं एक हाड आडवं ठेवलं होतं. दगड झालेलं, तपकिरी, उचलायला जड. त्याच्या मधोमध खडूच्या दोन रेघा होत्या आणि त्यांच्यामधला दोन बोटं रुंदीचा तुकडा कापून काढायचा होता. कापण्याआधी मिस्त्रींनी अख्ख्या हाडाचा साचा घेतला होता, त्यातून प्लास्टरचं हाड ओतलं होतं, ते रंगवूनही ठेवलं होतं. कापलेल्या जागी तेवढाच प्लास्टरचा तुकडा बसवला की बघणाऱ्याला पत्ताही लागणार नव्हता. तयारी अगदी चोख होती. घोडं अडलं होतं ते फक्त करवतीपाशी.

हाड पिल्लाचं होतं.

संग्रहालयाच्या मोठ्या दालनात लांब मानेच्या एका भल्याथोरल्या डायनासोरचा सांगाडा उभा होता आणि त्याच्या पुढच्या पायांशी वासराएवढा एक लहान. दोघांची हाडं एकाच खड्ड्यात सापडली होती. ती खणून काढणाऱ्या जुन्या साहेबांनी, जे आता हयात नव्हते, मोठीला आई ठरवलं, छोट्याला तिचं पिल्लू ठरवलं आणि तशी पाटी लावली. मिस्त्री तेव्हा नुकतेच नोकरीला लागले होते. साचे घेणं, प्लास्टर ओतणं, मोडलेलं जोडणं आणि सगळा सांगाडा लोखंडी सळ्यांवर उभा करणं हे त्यांचं काम. आईची मान सरळ समोर ठेवायची असा साहेबांचा हुकूम होता. मिस्त्रींनी लोखंड तापवून ती खाली वाकवली, पिल्लाकडे. पोर पायात घोटाळत असताना कुठली आई समोर बघत बसेल, असं त्यांनी साहेबांना विचारलं आणि साहेबांनी मान तशीच राहू दिली. तेव्हापासून शाळांच्या सहली आधी त्या दोघांपाशी यायच्या. बाकीच्या दगडांकडे कोणी गेलं तर गेलं.

पिल्लाला डोकं नव्हतं, म्हणजे खड्ड्यात सापडलं नव्हतं. ते मिस्त्रींनी प्लास्टरचं केलं होतं. आखूड तोंड, फुगीर कपाळ, मोठाले डोळे. लोकांचा जीव जडायचा तो त्या डोक्यावरच.

आणि आता या मॅडम आल्या होत्या. हाडांची वाढ कशी होते याचाच अभ्यास करणाऱ्या. त्यांनी आल्या आल्या पिल्लाचे मणके निरखले आणि भुवया उंचावल्या. लहान जनावराच्या मणक्याचे भाग सुटे असतात, मोठेपणी ते जुळून येतात. याचे जुळून आलेले होते. हे पिल्लू नसावंच, असं मॅडमचं म्हणणं पडलं. मोठीच्या जातीचंही नसावं. लहान चणीच्या एका वेगळ्याच जातीचं, पुरतं वाढलेलं जनावर असावं. खात्री करायची तर हाड कापून आत बघायला हवं. झाडाच्या बुंध्यात असतात तशी हाडातही वर्षावर्षाची वलयं असतात.

"पण चेहरा तर पिल्लाचाच आहे," मिस्त्री तेव्हा म्हणाले होते.

"चेहरा तुम्ही केलाय, मिस्त्री."

मॅडम हे टोचून बोलल्या नव्हत्या. उलट त्यांनी कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढून त्यातला अर्धा परिच्छेद वाचून दाखवला. पिल्लाच्या मोठ्या डोळ्यांवरून त्याच्या कोवळ्या वयाविषयी कोणा विद्वानाने त्यात बरंच काही लिहिलं होतं. बिचाऱ्याने नुसता फोटो बघितला होता. वाचता वाचता मॅडम पोट धरून हसल्या. मिस्त्रींना हसू आलं नाही. त्यांना तो परिच्छेद मनापासून पटला होता.

ते डोळे कुठून आले हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. ज्या महिन्यात ते डोकं घडवत होते त्या महिन्यात त्यांची सहा वर्षांची मुलगी इस्पितळात पडून होती. दिवसभर काम करायचं आणि संध्याकाळी तिच्या उशाशी जाऊन बसायचं. पोर हाती लागेल की नाही हे डॉक्टरही सांगत नव्हते. सुकलेल्या तोंडावर नुसते डोळे उरले होते. कामावर आल्यावर मिस्त्रींचे हात माती घडवायला लागायचे आणि माती तेच डोळे घेऊन वर यायची. मुलगी जगली. पण त्या दुखण्यानंतर तिची उंची रखडत रखडत वाढली आणि लवकरच थांबली. आज ती चौतीस वर्षांची होती आणि बसमध्ये बसली तर तिचे पाय खाली टेकत नसत. घरात तिला चिमी म्हणत.

पातं बदलून झालं. टेबल पुसून झालं, चष्मा पुसून झाला. आणखी पुसण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा मिस्त्रींनी करवत उचलली. पहिली रेघ कापून होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मॅडमनी कप खाली ठेवला आणि हाड हलू नये म्हणून पलीकडून दोन्ही हातांनी धरलं.

संध्याकाळी मिस्त्री घरी पोचले तेव्हा चिमी जेवायला बसली होती. रोज ती त्यांच्यासाठी थांबायची. आज थांबली नव्हती.

चिमी चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. नंबराची काच फ्रेमच्या मापाला आणायची, कडा गुळगुळीत करायच्या, भिंगाला ओरखडा पडू द्यायचा नाही, असं नजरेचं काम. दुकानदार आता दुसऱ्या शहरात, रेल्वेने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर, नवं दुकान काढत होता आणि ते चालवायला त्याने चिमीला विचारलं होतं. दुकानाच्या मागेच राहायची खोली होती. चिमीने हो म्हटलं होतं. आईने ऐकल्याबरोबर जा म्हणून सांगितलं आणि माळ्यावरची मोठी बॅग खाली काढली. मिस्त्री "बघू" म्हणाले. त्यांच्या तोंडचं "बघू" म्हणजे काय हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"तुम्ही दुकानात जाऊन आलात," चिमी ताटाकडे बघत म्हणाली.

मिस्त्रींनी पाण्याचा ग्लास उचलला. "चष्म्याचा स्क्रू ढिला झाला होता."

"तो मी रविवारीच आवळून दिला होता."

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवताय?" चिमीची आई शेगडीपाशीच उभी होती. "काय बोललात ते सांगा तिला."

मिस्त्रींनी सांगितलं नाही, पण चिमीला सगळं कळलेलंच होतं. पोर लहान आहे, एकटी कशी राहील, दुसऱ्या कोणाला तरी पाठवा, असं ते दुकानदाराला सांगून आले होते. दुकानदार बिचारा भला माणूस. वडीलधाऱ्याचा शब्द कसा मोडायचा म्हणून त्याने चिमीला बाजूला घेऊन पुन्हा विचार करायला सांगितलं होतं आणि दुकानातल्या दुसऱ्या कारागिराला, येतोस का, म्हणून विचारूनही टाकलं होतं.

"काळजीपोटी बोललो," मिस्त्री म्हणाले.

"बाबा, मला सगळे लहान म्हणतात. कंडक्टर म्हणतो, बँकेतला माणूस म्हणतो. दुकानात आलेलं गिऱ्हाईक मला विचारतं, मोठं कोणी आहे का आत. ते मला ओळखत नाहीत." चिमीचा आवाज चढला नव्हता. "तुमचं काय?"

तिने ताट उचललं, धुतलं, पालथं घातलं आणि ती आत गेली.  मिस्त्रींना कंडक्टरचीच आठवण झाली होती. चिमी वीस-बावीस वर्षांची होईपर्यंत दोघं बसने कुठे गेले की कंडक्टर तिचं अर्धं तिकीट फाडायचा. मिस्त्री त्याला काही बोलायचे नाहीत. चिमीकडे बघून डोळा मिचकावायचे, जणू दोघांनी मिळून कंडक्टरची गंमत केली. ती खिडकीबाहेर बघत राहायची. तिला गंमत वाटत नाही हे त्यांना कळत होतं का? थोडं कळत होतं. पण अर्धं तिकीट हातात आलं की त्यांना बरं वाटायचं, हेही खरं होतं.

"तळहाताच्या फोडासारखं जपलंत तिला," चिमीची आई ताट वाढून समोर ठेवत म्हणाली. "मी नाही कुठं म्हणते. पण फोड काय जन्मभर ठेवायचा असतो?"

मिस्त्रींनी तिच्याकडे बघायचं टाळलं, तर नजर नेमकी भिंतीवरच्या फळीवर गेली. फळीवर चिमीचे हात ओळीने उभे होते. पहिल्या वाढदिवसापासून दर वाढदिवसाला मिस्त्री तिच्या हाताचा साचा घ्यायचे. दातांचे डॉक्टर दाताचं माप घ्यायला वापरतात ती गुलाबी भुकटी पाण्यात कालवायची, डब्यात ओतायची, त्यात चिमीने मनगटापर्यंत हात बुडवायचा आणि घट्ट होईपर्यंत हलायचं नाही. "हललीस तर सहा बोटं येतील," असं मिस्त्री दर वर्षी तिला बजावायचे. ती इतकी घाबरायची की श्वासही जपून घ्यायची. मग हात अलगद सुटायचा, पोकळीत प्लास्टर पडायचं आणि फळीवर एक हात वाढायचा. आधीचे हात भराभर मोठे होत गेले होते. नंतरचे हळूहळू. शेवटचे तीन अगदी एकसारखे होते. त्याच्या पुढच्या वाढदिवसाला चिमी बाही सारून समोर येऊन उभी राहिली तेव्हा मिस्त्रींनी भुकटी संपली म्हणून सांगितलं. भुकटी संपली नव्हती. चिमीने पुन्हा कधी विचारलं नाही, आणि फळीवर एका हाताची जागा रिकामी राहिली ती राहिलीच.

हाडाचा तुकडा कापणं सोपं, पुढचं काम चिकाटीचं. तुकड्याची पातळ चकती करायची, ती काचेवर चिकटवायची आणि कुरुंदाच्या दगडाची खरखरीत पूड पाण्यात कालवून तिच्यावर घासत राहायचं, हाडातून उजेड आरपार जाईपर्यंत. मिस्त्री घासत होते. घरात चिमी त्यांच्याशी कामापुरतं बोलत होती आणि ते तिच्याशी तेवढंही नाही. तशात सर्वांत बारीक पूड संपली. संग्रहालयातून नवी मागवायची तर तीन सह्या लागायच्या, आणि सह्या करणाऱ्यांपैकी एक साहेब रजेवर होते. तीच पूड चिमीच्या दुकानात डब्यांनी पडलेली असते हे मिस्त्रींना माहीत होतं. पण मागायची कोणत्या तोंडाने? त्यांनी फक्त बायकोच्या कानावर घातलं, तेही सहज बोलल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चिमी स्वतः डबा घेऊन कार्यशाळेच्या दारात उभी राहिली. रुसवा रुसव्याच्या जागी, कामाचा खोळंबा कशाला, असा तिचा स्वभाव. मिस्त्री हात पुसत उठेपर्यंत मॅडम आतल्या खोलीतून बाहेर आल्या, चिमीला बघून तिच्यापुढे वाकल्या आणि हसून म्हणाल्या, "अरे वा, शाळेला सुट्टी वाटतं आज? पिल्लू बघायला आलीस?"

 मिस्त्रींना धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

"पूड आणलीय," चिमी म्हणाली. "जरा जास्त पाण्यात कालवा. घट्ट राहिली तर ओरखडे पडतील."

मॅडमचं लक्ष आता तिच्या हातांकडे गेलं, मग डोळ्यांच्या कडांवरच्या सुरकुत्यांकडे. त्यांचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. त्या सरळ उभ्या राहिल्या.

"माफ करा," त्या म्हणाल्या. "आकारावरून वय ठरवू नका, हे मी जगाला सांगत फिरते. पोटापाण्याचा धंदाच आहे माझा तो. आणि स्वतःच..."

चिमी आधी हसली, मग मॅडम हसल्या. हसणं ओसरल्यावर चिमी म्हणाली, "असू द्या. निदान तुम्ही माफी तरी मागितलीत." ती मॅडमकडेच बघून बोलली होती. तरी ते कोणाला लागायचं त्याला लागलं.

मग ती गेली नाही. तिने एक लाकडी खोकं ओढलं, त्यावर उभी राहिली आणि बापाच्या शेजारी काचेवर चकती घासायला लागली. दोघांच्या हातांची लय काही वेळाने एक झाली.  चकती इतकी पातळ झाली की खाली ठेवलेल्या वर्तमानपत्राची अक्षरं तिच्यातून वाचता यायला लागली, तेव्हा चिमीने आपणहून हात थांबवला.

मॅडमनी चकती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि बराच वेळ डोळा लावून बसल्या. नंतर त्यांनी दोघांना आळीपाळीने बघायला बोलावलं आणि कुठे काय बघायचं ते सांगितलं. आत मध्यापाशी रुंद वलयं आणि बारीक बारीक भोकं खच्चून भरलेली. भोकं म्हणजे रक्त खेळायच्या वाटा, वलयं बाळसं धरण्याच्या वर्षांची. बाहेरच्या बाजूला वलयं अरुंद होत गेलेली. आणि अगदी कडेला रेघाच रेघा, एकीला एक चिकटून, मधे भोकं जवळजवळ नाहीतच.

"म्हणजे वाढ खुंटली," मिस्त्री म्हणाले.

"खुंटली नाही, मिस्त्री. पूर्ण झाली." मॅडम खुर्ची त्यांच्याकडे वळवून बसल्या. "पिल्लाच्या हाडात ही कड असूच शकत नाही. कडेची एकेक रेघ म्हणजे एकेक वर्ष. म्हणजे वाढ पूर्ण झाल्यावरही हे चांगलं बरीच वर्षं जगलंय. स्वतःचं स्वतः."

चिमी अजून नळीला डोळा लावून होती. आत एक रेघ बाकीच्यांपेक्षा जाड आणि काळी आहे, ती कसली, असं तिने विचारलं. मॅडमनी न बघताच सांगितलं, कारण ती त्यांनीही पाहिली होती. ते एक वाईट वर्ष. दुष्काळ असेल, दुखणं असेल, काही कळायला मार्ग नाही. लहानपणीच केव्हातरी आलेलं. पण त्याच्या पुढे बघा, असं त्या म्हणाल्या. पुढे हाड पुन्हा नीट चालू झालं आहे. त्या वर्षाने ते छोटं राहिलं असंही नाही. ही जातच लहान चणीची.

"आणि समजा, त्या वर्षानेच छोटं राहिलं असतं तर?" चिमीने विचारलं.

मॅडमनी क्षणभर विचार केला. "तरी कड अशीच दिसली असती. मोठं झालेलं ते मोठंच."

मिस्त्रींनी पुन्हा नळीला डोळा लावला. पहिल्यांदा त्यांना ती काळी रेघ तेवढीच दिसत होती. दुसरं काही दिसेचना. इस्पितळाची ती खोली, तो वास, ते डोळे. गेली कित्येक वर्षं ते त्या रेघेपाशीच उभे होते आणि मुलगी केव्हाच पुढे निघून गेली होती. हे त्यांना आज कळलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. मग हळूहळू पुढची वलयंही दिसायला लागली. ती मोजण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही.

चिमीला दारापर्यंत सोडायला ते मोठ्या दालनातून चालत गेले. सांगाड्यापाशी चिमी थांबली. पिल्लाच्या एका मांडीत तूर्तास प्लास्टरचं हाड होतं, आणि चेहरा नेहमीसारखाच, मोठाल्या डोळ्यांचा.

"हे माझं तोंड आहे ना?"

मिस्त्री चपापले. "तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? सातवीत आमची सहल आली होती इथे. अख्ख्या वर्गाने ओळखलं. वर्षभर मला पिल्लूच म्हणत होते."

हे मिस्त्रींना ठाऊक नव्हतं.  उद्या सकाळी दुकानात जातो आणि माझं चुकलं म्हणून सांगून येतो, एवढंच ते म्हणाले.

"नका जाऊ, बाबा," चिमी म्हणाली. "मी काल बोलले त्यांच्याशी. बाबा नको म्हणाले, त्यांचा मान ठेवा, पण दुकान चालवणार मी आहे, असं सांगितलं. ठरलंय. पुढच्या महिन्यात निघायचं."

मिस्त्रींनी मान डोलावली. त्यांना भीती वाटत होती आणि अभिमानही वाटत होता. दोन्ही एकदम कसं होतं हे त्यांना कळेना. चिमी पायऱ्या उतरून गेली. रस्ता ओलांडताना ती आधी उजवीकडे बघते, मग डावीकडे, हे त्यांनी पाहिलं आणि ते आत वळले.

पुढचे दिवस कामात गेले. मॅडमचा निबंध पुरा व्हायला अवकाश होता, पण संग्रहालयाने पाटी आधीच उतरवली. छोट्याला नवं नाव मिळणार होतं, दोन शब्दी, जीभ वळायला कठीण. सुरक्षारक्षक कुरकुरत होता. लोक येऊन पिल्लू कुठे म्हणून विचारतील, त्यांना काय सांगू, असं त्याचं म्हणणं. दोन पिढ्यांना आई-पिल्लू दाखवून पोट भरलं आणि म्हातारपणी हे ऐकायची पाळी आली, असंही तो म्हणायचा, जणू कोणी त्याचाच संसार मोडला होता.

मिस्त्री नवं डोकं करत होते. लहान चणीच्या तशाच जनावरांची जी डोकी दुसरीकडे सापडली होती त्यांची चित्रं मॅडमनी भिंतीला टाचून ठेवली होती. मिस्त्री चित्राकडे बघून सुरुवात करायचे आणि बोटं सवयीने डोळ्यांच्या खोबणी मोठ्या करायला लागायची. ते माती भरायचे, खोबणी लहान करायचे. बोटं पुन्हा तेच करायची. एकदा तर चिडून त्यांनी सगळी माती खाली ओढली. शेवटी चेहरा जमला. निमुळतं तोंड, घट्ट जबडा, डोळे बेताचे. कोणाची कीव मागत नव्हता. मॅडम त्याच्याभोवती फिरून बघत म्हणाल्या की आता याच्याशी बोलताना जपून बोलावं लागेल.

छोट्याला खिडकीपाशी स्वतःचा चौथरा मिळाला. मोठीची मान मात्र तशीच राहिली. ती सरळ करायची तर लोखंड पुन्हा तापवायला लागणार होतं आणि ते काम पुढच्या वर्षावर ढकललं गेलं. ती खाली वाकून रिकाम्या फरशीकडे बघत राहिली. येणारे-जाणारे तिचं काही हरवलंय का म्हणून तिथे वाकून बघायचे. मिस्त्री सकाळी धूळ झटकताना तिच्या पायाच्या हाडावर जरा वेळ हात ठेवायचे.

जुनं डोकं ते वर्तमानपत्रात गुंडाळून घरी घेऊन आले. चिमीच्या आईने काही न विचारता ते फळीच्या एका टोकाला, पहिल्या छोट्या हाताच्या शेजारी ठेवलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी बॅग भरून दाराशी उभी होती. मिस्त्रींनी पिशवीतून गुलाबी भुकटीचा नवा कोरा पुडा काढला आणि डबा धुऊन आणला. चिमी दिव्याखाली बसून तिकीट पुन्हा बघत होती. तिकीट पुरं होतं.

"हात दे," मिस्त्री म्हणाले.

एवढ्या वर्षांनी का, असं चिमीने विचारलं नाही. तिने बाही सारली आणि हात बुडवला. मिस्त्री सवयीने "हललीस तर" म्हणाले आणि तिथेच थांबले. पुढचं बोलायची गरज नव्हती. तिचा हात मुळी हलतच नव्हता. दिवसभर भिंगं धरणारा हात होता तो.

तिचा हात सुटल्यावर पोकळीत ओतलेलं प्लास्टर घट्ट झालं, तेव्हा त्यांनी तो प्लास्टरचा हात मोकळा केला, कडा पुसल्या आणि तो फळीवरच्या शेवटच्या हाताशेजारी ठेवला. माप तेच होतं, तसूभरही फरक नाही. पण या हाताच्या अंगठ्याला घट्टा पडलेला होता. तर्जनीवर काचेचा एक जुना व्रण होता. बोटांच्या पेरांवर सुरकुत्या होत्या आणि तळहातावरच्या रेषा चांगल्या खोल गेल्या होत्या. मिस्त्री एकदा या हाताकडे बघत होते, एकदा त्या. चौदा वर्षांच्या पोरीचा हात आणि एका बाईचा हात. हे आपण आधी का बघितलं नाही याचं त्यांना फार वाईट वाटलं.

"चांगला आलाय," ते म्हणाले. एक कड पुन्हा पुसून पुन्हा तेच म्हणाले.

चिमी स्टुलावर चढली होती. उरलेली भुकटी तिने पातेल्यात ओतली आणि पाणी घालून घोटायला घेतली. "आता तुमचा."

"माझा कशाला?"

"मला न्यायला. तिथे खोलीत फळी आहे एक."

त्यांचा हात त्या डब्यात मावेना. चिमीच्या आईने आतून मोठा डबा आणून दिला आणि ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. चिमीने बापाचं मनगट दोन्ही हातांनी धरलं, बोटं नीट फाकवली आणि हात सावकाश आत सोडला. गार लगदा मनगटापर्यंत चढला. लगदा कितपत घट्ट झालाय ते मिस्त्री बोटांनी चाचपायला लागले. 

"हलू नका, बाबा," चिमी म्हणाली. "सहा बोटं येतील."

मिस्त्रींच्या नाकाच्या शेंड्याला खाज सुटली होती आणि डोळ्यांतून पाणी ओघळत होतं. दुसरा हात मोकळा होता. पण त्यांनी तोही हलवला नाही.